आकाश : सिहोरा

बेबीमावशी गेल्याचा फोन मला शाळेत, मधल्या सुट्टीत आला. फोन तिच्या दिराचा, भगवानकाकांचा. "बेबीवहिनी गेली वं," एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. मी मोहाडीला शिकवते. सिहोऱ्याला पोचायचं तर तुमसरला गाडी बदलावी लागते. त्या दोन्ही गाड्यांत मी रडले नाही. रडू आलं ते सिहोऱ्याच्या बसस्टँडवर उतरल्यावर, आणि खरं सांगायचं तर ते रागाचं रडू होतं. स्टँडसमोर दोन बांबूंना तिचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स बांधून झाला होता. माणूस सकाळी जातं आणि दुपारी फ्लेक्स उभा राहतो, आमच्याकडे आता असंच चालतं. मावशीचाच स्टुडिओ बंद, म्हणून ऑर्डर बाहेरच्या दुकानात गेली होती. आधार कार्डावरचा तिचा चेहरा ओढून-ताणून मोठा केलेला, खाली "शोकाकुल : समस्त मित्र परिवार", आणि मागे आकाश. जांभळं, निळं, मधेच पोपटी. एक कडंवाला ग्रह, त्याच्या बाजूला दोन चंद्र, आणि कोपऱ्यातून गाडीच्या हेडलाईटसारखे किरण... असं आकाश सिहोऱ्यातून दिसत नाही. भंडाऱ्यातून दिसत नाही. या पृथ्वीवरून कुठूनच दिसत नाही. कोणीतरी कम्प्युटरवर बसून रंगवलेलं आणि यांनी फुकटात उतरवून घेतलेलं ते चित्र होतं.

कोणी म्हणेल, बाई, मावशी मेली आणि तू फ्लेक्सच्या मागच्या चित्रावर चिडलीस? हो, चिडले. महिना उलटला, पौष लागला, तरी राग उतरलेला नाही. जिने दहा-बारा वर्षं खऱ्या आकाशाचे फोटो काढण्यात घातली तिच्या मरणावर खोटं आकाश लावलं, तेही तिच्याच गावात, तिच्याच शटरपासून हाकेच्या अंतरावर. लावणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरच्या लग्नाचे अल्बम तिच्या हातचे. कोणाला तरी याची लाज वाटायला पाहिजे होती. कोणाला वाटली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बेबीमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं, बाकी सगळ्या गावाची ती बेबी. मावसाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, सिहोऱ्यात फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, पुढे फ्लेक्सची डिझाइन. मावसाजी अचानक गेले तेव्हा सगळे धरून चालले होते की आता शटर कायमचं खाली. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तिने ते स्वतः वर ओढलं आणि मावसाजींचा कॅमेरा गळ्यात अडकवून एका साक्षगंधाला निघून गेली. गोड बाई नव्हती ती. गिऱ्हाइकाशी भांडायची, मधे मधे येणाऱ्या नवरदेवाच्या बापाला स्टेजवरून खाली उतरवायची, आणि आपल्या कामाची तारीफ दुसऱ्याने करायची वाट पाहायची नाही. "पाह्य, असा फोटो तुमसरातही निघत नाही," हे तिचं ठरलेलं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. माझ्या ओळखपत्राचा फोटो तिने काढला. मी मान खाली घालून बसले होते. "हनुवटी वर कर वं. कॉलेजात चालली तू, कोणाची चोरी कराले नाही." तो फोटो माझ्याजवळ आहे. त्यात माझी हनुवटी इतकी वर आहे की मी भांडायला निघाल्यासारखी दिसते. बरंच झालं.

आकाशाचं वेड तिला लागलं तेही फ्लेक्समुळेच. माणूस गेलं की त्याच्या चेहऱ्यामागे चांदण्या पाहिजेत अशी आमच्याकडे रीतच पडली आहे. मावशीही सुरुवातीला इतरांसारखं नेटवरचं आकाश उतरवायची आणि चिकटवायची. एकदा एका घरी ती फ्लेक्स द्यायला गेली, तर गेलेल्या म्हाताऱ्याची बायको फ्लेक्ससमोर उभी राहून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बेबी, हे कोणतं नक्षत्र वं? बुढा कोणत्या चांदण्याईत जाऊन बसला, मले दाखव तं." मावशीला दाखवता आलं नाही. तिथे नक्षत्र नव्हतंच, नुसते ठिपके होते. ही गोष्ट तिने मला कितीदा तरी सांगितली, आणि दर वेळी सांगताना तिचा चेहरा तसाच पडायचा. "त्या बुढीले मी फसवलं," म्हणायची. "आता जे लावन ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे."

मग ती लग्नाचा कॅमेरा स्टँडवर चढवून आकाशाकडे रोखायला लागली. पहिले सगळे फोटो फसले. पृथ्वी फिरते, कॅमेरा थोडा वेळ उघडा ठेवला की चांदण्यांच्या रेघा होतात. गोगलगाय चालून गेल्यासारख्या. व्हिडिओ पाहून पाहून तिने उपाय शोधला. दोन लहान फळ्या, मधे दाराची बिजागरी, खाली एक लांब स्क्रू. बिजागरीची रेघ ध्रुवाच्या दिशेने लावायची, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा, आणि पृथ्वी जेवढी फिरते तेवढाच स्क्रू हाताने हळूहळू फिरवत राहायचा. फळ्या कापून देणारा सुतार हसला होता, "एवढंसं दार कोणाच्या घराले लावता बेबीबाई?" ती म्हणाली, "ध्रुवाच्या." असे पन्नास-साठ फोटो काढायचे आणि मग कम्प्युटरवर ते एकावर एक रचायचे. एका फोटोत जे नुसतं धुरकट दिसतं ते रचल्यावर उजळून येतं. मी विचारलं होतं, हे कसं होतं? तर म्हणाली, "पेंडी उचलून पाह्यली तं त्यात काय दिसते? मूठभर. पेंडीवर पेंडी रचली का पुंजणं होते. तसंच हे." कापलेल्या धानाच्या पेंड्यांचा शेतात जो ढीग रचून ठेवतात त्याला आमच्याकडे पुंजणं म्हणतात. हे सांगताना तिच्या आवाजात कुठेही नम्रता नव्हती. शोध तिनेच लावल्यासारखी सांगत होती.

मी पहिल्यांदा तिच्यासोबत शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गेले ते थंडीचे दिवस होते, जेवणवेळ. पूर्वेला मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं. बाणाच्या तीन चांदण्या, त्यांच्या खाली एक पुसट डाग. तो डाग मी लहानपणापासून पाहत आले होते आणि कधी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. तिने स्क्रू फिरवत, पदराने काचेवरचं दव टिपत, डासांना शिव्या देत फोटो घेतले, आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मला समोर बसवलं. पडद्यावर तो डाग पंख पसरलेल्या पाखरासारखा होता. मधे पांढरा, कडेने गुलाबी, पुढे जांभळट होत काळोखात विरत गेलेला... तिथे नव्या चांदण्या जन्मतात असं मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण तो तिथे आमच्या धुऱ्याच्या वर होता, बोराच्या झाडाच्या शेंड्यापासून चार बोटं उंच. तरीही मी शिकलेली ना, बोललेच, "मावशी, नेटवर याच्यापेक्षा लाखपट चांगले फोटो आहेत." तिने माऊस सोडला. "नेटवर तुयापेक्षा सुंदर नवऱ्या नाहीत का? लय हायेत. तुया लग्नाच्या अल्बमात त्यायचेच फोटो लावले असते तं चाललं असतं तुले?" त्यानंतर मला तिच्या फोटोंकडे पाहता यायला लागलं. गुरूच्या बाजूचे त्याच्या चंद्रांचे चार ठिपके, दुसऱ्या दिवशी जागा बदललेले. कृत्तिकांचा तो निळसर घोळका. जुन्या दुर्बिणीला कॅमेरा बांधून काढलेला शनी, उडदाच्या दाण्याला कडं घातल्यासारखा, जरा हललेलाच. जगातला सगळ्यात चांगला शनी तो नव्हता. पण तो प्रकाश शनीवरून निघाला आणि सिहोऱ्यात येऊन तिच्या कॅमेऱ्यात पडला, हे खरं होतं. खरं असणं ही लहान गोष्ट आहे का?

चुकायचीही. एकदा फोनवर ओरडली, "धूमकेतू धरला, कोणालेच माहीत नाही असा!" फोटोत खरंच उत्तरेला एक लांब पांढरी शेपूट होती. मी पाहायला निघाले, तुमसरपर्यंत पोचलेही नसेन, तोच तिचा परत फोन, "येऊ नोको." पलीकडच्या लॉनमध्ये लग्न होतं आणि डीजेवाल्याने आकाशात फिरणारा तो मोठा लाईट लावला होता. पुढे कितीतरी दिवस मी तिला विचारायची, "मावशी, तुया धूमकेतूले पोरं किती झाले?" आणि ती चप्पल शोधायची.

फ्लेक्सवर मात्र फोटो जमायला लागल्यापासून तिने एकदाही उतरवलेलं आकाश लावलं नाही. तालुक्यात कोणाचंही माणूस जावो, त्याच्या मागे मावशीचं आकाश. आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरांत : "आकाश : सिहोरा". स्वतःचं नाव नाही, स्टुडिओचा नंबर नाही, फक्त एवढं. लोकांना तेही खुपायचं. मोहाडीचे एक गृहस्थ फ्लेक्स परत घेऊन आले होते, मी तिथेच होते. "आमचा बाप मोहाडीचा. त्याच्यावर सिहोऱ्याचं आकाश कायले?" मावशीने विचारलं, "मोहाडीचं आकाश येगळं हाय का भाऊ? असन तं आणून द्या, लावतो." त्यांनी तो कोपरा कात्रीने कापून नेला. अशी कितीतरी आकाशं चौकाचौकांत तेरवीपर्यंत उभी राहिली. लोक खाली उभे राहून चहा प्यायले, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलले, आणि मागे काय आहे ते कोणी पाहिलं नाही. पाहिलं त्यांना ते नेटवरचं वाटलं. गावातली बाई असं काही करू शकते हे लोकांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. बाई एकटी अंधारात धुऱ्यावर जाते, हे मात्र बरोबर शिरलं. त्यावर जे बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही, बोलणाऱ्यांना ते आठवत असेल.

मग चौकात उंच खांबावरचे मोठे दिवे आले आणि स्टुडिओच्या गच्चीवरून दिसणारं आकाश दुधाळ झालं. दिवे नकोत असं ती कधी म्हणाली नाही. एवढंच म्हणाली की शेताच्या बाजूने त्यावर पत्रा बसवा, उजेड रस्त्यावर पडू द्या. ज्यांच्याकडे ती हे घेऊन गेली ते चारचौघांत हसले, "मावशी, सारं गाव उजेड मागून राहिलं, तुम्ही अंधार मागता!" ती म्हणाली, "उजेड खाली पाडा ना बापा. चांदण्याइले कायले बॅटरी दाखवता?" पत्रा काही बसला नाही. ती आणखी दूरच्या धुऱ्यावर जायला लागली.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात धूमकेतू आला, या वेळी खरा. कोजागिरी तोंडावर आलेली, चांदणं रोज वाढत होतं, म्हणून हाती चार-पाचच संध्याकाळी होत्या. बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, धान लोंबीवर आलेलं. सूर्य बुडाला, पश्चिमेला शुक्र लागला, आणि आम्ही दोघी त्याच्या उजवीकडे, जरा वर पाहत उभ्या. मला काहीच दिसेना. आधी कॅमेऱ्याला दिसला, मग तिला, मग मला. शेपूट अशी वर उभारलेली, कोपऱ्यात उभ्या केलेल्या खराट्यासारखी नाही, फार नाजूक, ओल्या कापडाने पाटीवर एकदाच पुसल्यासारखी... शेजारच्या बांधीचे तुळशीराम आजा वैरणीचा भारा घेऊन चालले होते, ते थांबले. "काय पाहून राहिल्या वं?" मावशीने बोट दाखवलं. आजाने भारा खाली टाकला. "हा शेपटीवाला अवकाळी पाणी आणते म्हणतात." "अवकाळी तं दरसाली येते आजा," मावशी म्हणाली, "हा कुठी दरसाली येते?" ते त्यांना पटलं असावं. त्यांनी बांधीच्या पलीकडे हाक दिली, "अवं, इकडे ये लवकर! बेबीनं शेपटीवाला धरला!" आणि त्यांची बायको, गुडघ्यावर हात ठेवत, धुऱ्याधुऱ्याने आली. तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, मग आकाशात पाहिलं, पुन्हा पडद्यावर पाहिलं. "हा तोच हाय का?" "तोच." "मंग हा इतका दूर, अन् इथी इतका जवळ कसा?" मावशी इतकी मोकळी हसली की मला ते हसणं अजून ऐकू येतं.

तो फोटो तिने एका पेपरला पाठवला. छापून आला, चांगला मोठा. खाली लिहिलं होतं : छायाचित्र, इंटरनेट. तिने फोन केला. पलीकडचा माणूस सभ्यपणे बोलला, तेच जास्त वाईट. "मॅडम, खेड्यातून असे फोटो निघत नसतात. तुम्ही कुठूनतरी घेतला असेल." तिने फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "बसा, हनुवटी वर करा." दिवसभर ती कोणाशी भांडली नाही. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं की घाव कुठे लागला. पेपरचं नाव मी लिहीत नाही. त्यांना कोणीतरी हा लेख दाखवा.

मला तिचाही राग आहे. ते लिहिलं नाही तर बाकीच्यांवरचा राग खोटा ठरेल. तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली, आणि छातीत दुखतं ते "गॅस हाय" म्हणून ती सोडा पीत अल्बम पुरे करत बसली. मला फोनवर सांगितलंही असंच, जाता जाता, भाजीला मीठ जास्त झालं म्हणून सांगावं तसं. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणाली, "नवरीवाले मांडवात बसले, अन् मी खाटेवर निजू?" शेवटी गाडी भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा फार उशीर झाला होता. आणि दुसरं, तिने आपले फोटो कुठे म्हणजे कुठे ठेवले नाहीत. सगळे त्या एका कम्प्युटरमध्ये. मी किती वेळा म्हटलं, मला दे, मी ठेवते. "तू का पळून चालली, का मी?" एवढंच म्हणायची.

तेरवी झाली. जेवणं उरकल्यावर मी भगवानकाकांना विचारलं, मावशीचा कम्प्युटर कुठे आहे? ते पान लावत होते. "देल्ला ना. तुमसरच्या पोराले लागत होता. साफ करून देल्ला, कोरा."

"कोरा म्हणजे? त्यातले फोटो?"

"काढले ना! लग्नाचे सारे काढून ज्याचे त्याले देल्ले. एकाची तक्रार नाही, विचारून घे कोणाले."

"काका, मी आकाशाच्या फोटोंचं विचारते आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तेरवीच्या पंगतीतून उपाशी उठले. "चांदण्याचे? त्या तं रोजच निघतात वं."

मी त्यांच्या अंगणात, लोकांदेखत, मोठ्याने बोलले. खूप बोलले. आईने माझा हात धरून मला बाजूला नेलं. काका वाईट माणूस नाहीत. त्यांनी रात्रंदिवस बसून दुसऱ्यांच्या लग्नांचा एकेक फोटो वाचवला आणि वहिनीचं अख्खं आकाश पुसलं, आणि आजही त्यांना वाटतं की त्यांनी काम चोख केलं. राग यायला माणूस वाईटच असावा लागतो असं थोडंच आहे? तुमसरच्या त्या पोराकडे मी गेले. त्याने एका जाणकाराला दाखवलं. काही राहिलेलं नाही. माझ्या फोनमध्ये तिने पाठवलेले काही आहेत, अंगठ्याएवढे. मोठे करायला गेलं की चांदण्यांचे चौकोन होतात.

मग माझ्या डोक्यात आलं, फ्लेक्स! ते तर मोठेच छापलेले. तेरवीनंतर आमच्याकडे फ्लेक्स कोणी फेकत नाही, ते कामाला लागतात. गोठ्यावर जातात, मोटरसायकल झाकतात, भाजीच्या दुकानावर सावली करतात. मी सुट्टीच्या दिवशी फिरायला लागले. लोकांना वाटलं, मास्तरीण बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. चहाच्या टपरीमागे कृत्तिका सापडल्या, मधून उभ्या फाडलेल्या, त्यांवर शेगडीचा धूर बसलेला. एका ठिकाणी चंद्र होता, त्याला भोकं पाडून त्यातून दोरी ओवलेली. एका घरच्या बाईने सांगितलं, "आमचा तं शेकोटीत गेला ना ताई. लय धूर केला त्यानं." हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. तुमच्या गोठ्यावर, गाडीवर, कुठेही जुना श्रद्धांजलीचा फ्लेक्स असेल आणि त्याच्या कोपऱ्यात "आकाश : सिहोरा" लिहिलेलं असेल, तर तो फाडू नका. मला कळवा. त्याच्या बदल्यात मी नवी ताडपत्री आणून देईन.

गेल्या रविवारी तुळशीराम आजांकडे गेले. त्यांची बायको मागच्या हिवाळ्यातच गेली. मावशीनेच तिचा फ्लेक्स केला होता, तो मी पाहिलेला नव्हता. आजा शेतात होते, पुंजण्याजवळ. पुंजण्यावर पांढरा फ्लेक्स पसरलेला, कडेने दगड ठेवलेले. नुसता पांढरा. माझं मन खचलं, म्हटलं उन्हाने सगळं उडालं. आजांना विचारलं तर म्हणाले, "उडालं कायले? तोंड आत केलं. उन्हात बुढीचं तोंड उडून जाते." आणि त्यांनी एक दगड काढून कोपरा उचलला.

धानाच्या पेंड्यांवर, उलट्या बाजूने, तो होता. धूमकेतू. ती संध्याकाळ, तो निळा-करडा उजेड, खाली आमच्या बोरीच्या झाडाची काळी कड, डावीकडे शुक्र आणि वर ती ओल्या कापडाने पुसल्यासारखी शेपूट. काल छापल्यासारखी. बाजूला आजांच्या बायकोचा चेहरा, आणि माझ्या हाताशी तो कोपरा, न कापलेला.

"बुढीनं पाह्यला होता ना तो," आजा म्हणाले, "बेबीले म्हटलं, तोच टाक. लोकं म्हणे अशुभ. म्हटलं, राहू द्या."

मी म्हटलं, "आजा, हा मला द्या. आत्ताच्या आत्ता मी नवी ताडपत्री आणते. मावशीचा हा एकच धड राहिला. हा नीट, काचेत ठेवायची वस्तू आहे."

"ताडपत्री आण, नोको आणू, हा पुंजण्यावरून काढणार नाही मी. आभाळ पाह्यलं का?" वर खरंच ढग जमत होते. "धान चुरणं होऊ दे, दाणे घरी येऊ दे. मंग घेऊन जा, बुढीचं तोंड मले कापून दे अन् बाकीचा ने. तोवर तो कामावर हाय."

मी कोपऱ्यावरचा हात काढला. लग्नसराईत मावशी फोन उचलायची आणि हेच म्हणायची, "कामावर हाय, मंग बोल."

तेव्हा त्या समस्त मित्र परिवाराला, त्या पेपरवाल्यांना, आणि भगवानकाकांनाही माझं हे आमंत्रण समजा. बसस्टँडवर जे लावलं होतं ते आकाश नव्हतं. आकाश पाहायचं असेल तर धान चुरायच्या आत सिहोऱ्याला या, तुळशीराम आजांच्या पुंजण्याजवळ जा, दगड बाजूला करा आणि कोपरा उचलून पाहा. कोणी काढलं ते विचारायला लाजू नका, आजा सांगतील. आणि पाहून झालं की दगड होता तसा परत ठेवा. आत धान आहे, ते भिजता कामा नये.